शाश्वततेचा अभ्यास उजनीच्या टक्क्यांपासून सुरू करा

सोलापुरात नोकरी सांभाळून आठवड्याला चार-पाच तास मिळतात, इंग्रजी वाचता येते पण वेग कमी आहे, आणि पुस्तके, पॉडकास्ट, माहितीपट यांतून शाश्वत विकास नीट समजून घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करावी, कोणत्या क्रमाने जावे आणि कशावर विश्वास ठेवावा, असा तुमचा प्रश्न आहे.

चार-पाच तास पुरतात. मात्र 'वाचलीच पाहिजेत अशी दहा पुस्तके' छापाच्या यादीने सुरुवात करू नका. त्या यादीतली बरीच पुस्तके मोठ्या गाड्या, कपडे वाळवायचे यंत्र आणि रोजचे मांस असलेल्या घरांसाठी लिहिलेली असतात. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला साधारण २ टन आहे, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. तिथल्या वाचकासाठी लिहिलेला सल्ला वाचून सोलापूरचा माणूस बांबूचा ब्रश आणि स्टीलचा स्ट्रॉ विकत घेतो, आणि नळाला रोज पाणी का येत नाही हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून आधी आपल्या गावाचा एक प्रश्न धरा. सोलापुरात त्यांना तोटा नाही: पाणी, ऊस, चादर, कचरा, ऊन, माळरान. एका प्रश्नाला दोन महिने द्या आणि त्या काळात पुस्तक, माहितीपट, पॉडकास्ट सगळे त्याच प्रश्नाभोवती ठेवा. माहितीपटातून प्रश्न जागा होतो, डोळ्यांना चित्र मिळते. पुस्तकातून कारणांची साखळी कळते. पॉडकास्टमुळे पुस्तक छापल्यानंतर काय बदलले ते समजते. या तिघांनी सांगितलेला आकडा खरा की खोटा हे मात्र सरकारी अहवाल, घरातले मीटर आणि तुमचे स्वतःचे गणित ठरवते. या चौथ्या कामासाठी वेळ राखून ठेवला नाही, तर बाकी तिन्ही गोष्टी विसरायला फार दिवस लागत नाहीत.

पहिला विषय पाणी घ्या. सोलापूरकरांना याची अर्धी परिभाषा आधीच पाठ असते.

भीमेवरचे उजनी धरण सोलापूरला पाणी पुरवते, आणि 'उजनी मायनसमध्ये गेले' हे वाक्य दर उन्हाळ्यात कानावर येते. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा सुमारे ५३.६ टीएमसी आणि मृतसाठा सुमारे ६३.७ टीएमसी, म्हणजे मृतसाठाच मोठा. बातमीतली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. धरण 'वजा ४० टक्के' असले, तर ५३.६ चे ४० टक्के म्हणजे सुमारे २१.४ टीएमसी पाणी मृतसाठ्यातून गेले आणि धरणात अजून सुमारे ४२ टीएमसी आहे. त्यात गाळही आला. ते पाणी कालव्याच्या दारांच्या पातळीखाली असल्यामुळे आपसूक वाहत नाही, आणि पाणी आणखी खाली गेले की शहरासाठी दुबार पंपिंग करावे लागते. टक्केवारी दिसली की 'कशाची टक्केवारी?' हे आधी विचारायची सवय इथे लागते, आणि पर्यावरणाच्या वाचनात ती जन्मभर उपयोगी पडते.

आता पुढचे गणित. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित प्रमाण धरले, तर रोज सुमारे १२.८ कोटी लिटर आणि वर्षाला साधारण १.६५ टीएमसी लागतात. लोकसंख्या आज वाढलेली आहे, गळतीही मोठी असते. तरी दुप्पट धरा, सव्वातीन टीएमसीच होतात. ५३ टीएमसी उपयुक्त साठ्याच्या धरणाखालच्या शहराला रोज पाणी का मिळत नाही, याचे उत्तर पावसात कमी आणि जलवाहिनी, पंपिंग, साठवण टाक्या, वितरण, नदीवाटे सोडलेल्या पाण्याची वाटेतली घट यांत जास्त आहे. हे गणित वहीत मांडल्यावर दुष्काळावरचे पुस्तक उघडा, वाचन निराळे होते.

पहिले पुस्तक पत्रकार पी. साईनाथ यांचे १९९६ साली आलेले 'एव्हरीबडी लव्ज अ गुड ड्राउट'. ते मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने मिळते. त्यातली वार्तापत्रे तमिळनाडू, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातली आहेत, महाराष्ट्रातली नाहीत. त्यातले आकडे तीस वर्षांपूर्वीचे, ते उचलू नका. योजना कागदावर कशी असते आणि गावात पोचेपर्यंत तिचे काय होते, ही पाहण्याची पद्धत उचला. त्याच्या जोडीला अनुपम मिश्र यांचे हिंदी 'आज भी खरे हैं तालाब' (१९९३) वाचा. हिंदी सोपे आहे आणि पुस्तकावर लेखकाने हक्क राखून ठेवलेले नाहीत, त्यामुळे ते सहज मिळते. तलाव खोदण्याची जागा कशी निवडत, पाळ कशी बांधत, सांडवा कुठे ठेवत, हे त्यात रसाळपणे आहे. मात्र सूर कौतुकाचा आहे, मोजमाप थोडे आहे. म्हणून ते वाचल्यावर हिप्परग्याला जा. तिथला एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला आणि आजही शहराच्या पाण्यात त्याचा वाटा आहे. पाळीवर उभे राहून पाणलोट कुठून येतो, सांडवा कुठे आहे, गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) कुठे चालते हे पाहा. पुस्तकातली पाने तिथे आपोआप उलगडतात. महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये ताली-बंधारे घालून पाणी आणि माती शेतातच मुरवण्याची सूचना आहे. तेवढा भाग जरूर शोधून वाचा. एकोणिसाव्या शतकातली ती मागणी आजच्या पाणलोट विकासाच्या पुस्तिकांत जवळजवळ जशीच्या तशी सापडते.

पाण्याच्या विषयात ऊस येणारच, आणि इथे बरेच माहितीपट घाई करतात. गणित असे. लागणीच्या उसाला हेक्टरी साधारण २०,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी लिटर पाणी धरतात. उतारा हेक्टरी ९० टन आणि साखरेचा उतारा १० ते ११ टक्के धरला, तर ९,००० ते ९,९०० किलो साखर मिळते. म्हणजे एका किलो साखरेमागे २,००० ते २,२०० लिटर पाणी. 'एक किलो साखर म्हणजे दोन हजार लिटर पाणी' हे वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी भेटेल. ते कुठून येते हे आता तुम्हाला कळले, आणि कुठे बदलते तेही. ठिबक असेल, खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) असेल, एकरी उतारा वेगळा असेल, तर आकडा हलतो. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ५४५ मिलिमीटरच्या आसपास. हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, तेव्हा वर्षभराचा पाऊस साडेचौपन्न लाख लिटर. सगळा मुरला तरी उसाच्या गरजेच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडा अधिक. उरलेले कालव्याचे, नदीचे किंवा बोअरचे.

हे पाहून शेतकऱ्याला दोष देणारा माहितीपट बंद करा, असे मी स्पष्ट सांगेन. उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने ठरतो, खरेदीदार कारखाना जवळ असतो, आणि ऊस गारपिटीतही बहुधा तग धरतो. डाळिंबाला तेल्या आणि मर रोग बागेसकट संपवतात, कांद्याचा भाव एका आठवड्यात कोसळतो. ज्या पुस्तकात किंवा चित्रपटात पाण्याचे गणित आहे पण शेतकऱ्याच्या जोखमीचे नाही, ते अर्धे आहे. याच जिल्ह्यात कोरडवाहूचा पर्यायही घडला. ज्वारीची मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या केंद्रात निवडलेली जात आहे, आणि ती भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. त्या कामाशी जोडलेले एन. व्ही. कानिटकर यांचे 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' (१९४४) ग्रंथालयात दिसले, तर पावसाचे पाणी जमिनीत धरून ठेवण्याची प्रकरणे चाळा. शेततळ्यांवरचे कौतुकाचे व्हिडिओ पाहतानाही एक प्रश्न हातात ठेवा: तळे कशाने भरले? प्लास्टिक अंथरलेले तळे बोअरच्या पाण्याने भरत असेल, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात उघडे ठेवले जाते. इथे वर्षाचे बाष्पीभवन पावसाहून कितीतरी जास्त आहे.

वहीबद्दल. २०० पानी साधी वही घ्या. डाव्या पानावर विधान जसेच्या तसे लिहा, आणि त्याखाली पाच गोष्टी: एकक काय, वर्ष कोणते, ठिकाण कोणते, हिशेबाची हद्द कुठपर्यंत, मोजले कोणी. उजवे पान पडताळणीसाठी रिकामे सोडा. पाचपैकी दोन गोष्टी सापडल्या नाहीत, तर तो आकडा दुसऱ्याला सांगू नका. वहीच्या पहिल्या पानावर काही रूपांतरे कायमची लिहून ठेवा. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. छताच्या १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १ लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचे सुमारे २.७ किलो. १४.२ किलोचे गॅस सिलिंडर सुमारे ४२ किलो. विजेच्या एका युनिटमागे आपल्या देशात साधारण ०.७ किलो. आता तुमचे ६० चौरस मीटरचे छत घ्या: ५४५ मिलिमीटर पाऊस, वाया जाणारा पाचवा हिस्सा वजा, म्हणजे वर्षाला सुमारे २६,००० लिटर. चौघांच्या घराला १३५ लिटरच्या हिशेबाने ते ४८ दिवस पुरते. छतावरचे पाणी साठवण्यावरचे कुठलेही पुस्तक या एका ओळीनंतर वाचा. घरात एवढी टाकी बसवणे अवघड आहे आणि बोअरचे पुनर्भरण का सोपे पडते, हे तुमच्या तुम्हालाच दिसेल.

दुसरे दोन महिने कापडाला द्या. हातमाग, यंत्रमाग, चादर, टॉवेल यांच्या शहरात हा विषय सोडणे चुकीचे होईल, आणि माहितीपट पाहण्याची शिस्त शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

दोन चित्रपट एकामागोमाग पाहा. अँड्र्यू मॉर्गन यांचा 'द ट्रू कॉस्ट' (२०१५) आणि राहुल जैन यांचा 'मशीन्स' (२०१६). पहिल्यात बांगलादेशातील राणा प्लाझा दुर्घटनेपासून (२०१३, हजाराहून अधिक कामगारांचा मृत्यू) कापूस शेतीपर्यंत अनेक देश, अनेक मुलाखती, निवेदन आणि आकडे आहेत. दुसरा गुजरातमधल्या एका कापड कारखान्यात शिरतो, निवेदक नाही, आकडे जवळजवळ नाहीत, यंत्रांचा आवाज आणि कामगारांचे बोलणे आहे. पहिला तुम्हाला काय वाटायला हवे ते सांगतो. दुसरा पाहायला लावतो आणि प्रश्न तुमच्यावर सोडतो. शिकण्यासाठी मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो, पण दोन्ही पाहिल्याशिवाय हा फरक समजत नाही.

माहितीपट दोनदा पाहायचा असतो. पहिल्यांदा सलग, वही बंद. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत, दीड तासाच्या चित्रपटाला तीन तास धरून. पडद्यावर आकडा आला की मिनिट-सेकंद लिहा, आकडे बहुधा तीन-चार सेकंदच राहतात. बोलणाऱ्याचे नाव आणि हुद्दा लिहा. कोण बोलत नाही तेही लिहा: कामगार आहे पण मुकादम नाही, पर्यावरणवादी आहे पण प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी नाही, असे. संगीत कुठे चढते ते पाहा, कारण कमकुवत पुरावा पुष्कळदा त्याच जागी असतो. शेवटची श्रेयनामावली पूर्ण पाहा, पैसा कुणाचा हे तिथे कळते.

कापडावरच्या माहितीपटांत रंगीत नदी हमखास दिसते. तिथे एक गोष्ट दिसत नाही. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग देताना रंगाच्या पाण्यात मीठ घालावे लागते, गडद छटेला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅमपर्यंत. रंग धाग्यावर बसवायला सोडा लागतो. तरीही रंगाचा काही भाग बसत नाही आणि धुण्याच्या पाण्यातून निघून जातो. तो रंग प्रक्रियेने बराचसा काढता येतो. मीठ मात्र साध्या प्रक्रियेने निघत नाही. त्यासाठी आरओ आणि बाष्पीभवन लागते, आणि ते महाग पडते. म्हणून 'पाणी स्वच्छ दिसते' हा पुरावा नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घेऊन विहीर, बोअर, नळ, नाला यांचे आकडे वहीत उतरवा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. या मीटरला जंतू, नायट्रेट किंवा कीटकनाशक दिसत नाही, तेव्हा कमी टीडीएस म्हणजे सुरक्षित पाणी असे समजू नका.

कापडाचा आणखी एक आकडा: 'एक किलो कापसाला १०,००० लिटर पाणी'. ही जगाची सरासरी आहे. त्यात पावसाचे पाणी आणि सिंचनाचे पाणी एकत्र केलेले असते. विदर्भ-मराठवाड्याचा कापूस मुख्यतः पावसावर येतो. तिथल्या आकड्यातले बहुतेक पाणी, कापूस नसता तरी त्याच रानात पडले असते. कालव्यावरच्या कापसाचे तसे नाही. चादर वजनकाट्यावर ठेवून किलोला १०,००० ने गुणले, तर मोठा आकडा येतो आणि त्यातून कळत काहीच नाही. कोणत्या नदीतून, कोणत्या महिन्यात, किती उपसले, हे विचारल्यावरच त्याला अर्थ येतो.

गाजलेल्या माहितीपटांतही चुका असतात, आणि त्या माहीत करून घेणे हा अभ्यासाचाच भाग आहे. 'काउस्पिरसी' (२०१४) मध्ये हरितगृह वायूंपैकी ५१ टक्के पशुपालनातून येतात असे सांगितले आहे. तो आकडा २००९ च्या एका नियतकालिकातल्या लेखाचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा २०१३ चा अंदाज १४.५ टक्के होता. 'सीस्पिरसी' (२०२१) मध्ये २०४८ पर्यंत समुद्र रिकामे होतील असे येते. त्याचे मूळ २००६ च्या एका अभ्यासात आहे, आणि त्या अभ्यासाच्या प्रमुख लेखकांनीच पुढे वेगळे, कमी टोकाचे निष्कर्ष मांडले. 'फॅशन हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक उद्योग' हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते, पण त्यामागे मोजमाप केलेला अभ्यास सापडत नाही. विषय खोटे नाहीत: पशुपालनाचे उत्सर्जन मोठे आहे, मासेमारीचा अतिरेक खरा आहे. फुगवलेला आकडा उघडा पडला की ऐकणारा संपूर्ण विषय झटकून टाकतो, आणि मग खऱ्या आकड्यालाही कोणी विचारत नाही. म्हणून हे मनावर घ्या.

सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान हा तिसरा विषय. झाडे लावा म्हणजे पर्यावरण वाचले, असे शंभर व्हिडिओ सांगतात. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. माळढोक, धाविक, काळवीट, लांडगा, खोकड यांना उघडे गवताळ माळ लागते. सरकारी नकाशांत अशी जमीन बऱ्याचदा 'पडीक' म्हणून दाखवली जाते, आणि मग तिथे वृक्षारोपण, खाणी, वीजवाहिन्या सगळेच शहाणपणाचे वाटू लागते. माळढोक आता नान्नजला क्वचितच दिसतो. अधिवासाचे तुकडे पडणे आणि वीजतारांना धडकणे ही या पक्ष्याच्या ऱ्हासाची मोठी कारणे आहेत. माळावर दाट झाडी उभी केली, तर या प्राण्यांचे घर मोडते. इथे वाचायचे ते मारुती चितमपल्ली. त्यांचा जन्म सोलापूरचा (१९३२), आयुष्य वनखात्यात गेले, आणि २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 'पक्षी जाय दिगंतरा' आणि 'रानवाटा' यांनी सुरुवात करा, 'चकवाचांदण' नंतर. त्यांत शाश्वत विकासाची चर्चा नाही. प्राणी-पक्ष्यांची मराठी नावे, त्यांच्या सवयी, आणि रानात सावकाश पाहण्याची रीत आहे. नावे माहीत नसलेल्या गोष्टी नाहीशा झाल्या तरी आपल्याला कळत नाही, म्हणून हे वाचन मी ऐच्छिक मानत नाही.

हवामान बदल आणि ऊर्जा यांकडे यानंतर या. मराठीत अतुल देऊळगावकर यांचे 'विश्वाचे आर्त' घ्या. लेखक शेजारच्या लातूरचे, त्यामुळे दुष्काळ आणि गारपीट त्यांच्या लेखनात परकी वाटत नाही. ऊर्जेसाठी डेव्हिड मॅके यांचे इंग्रजी 'सस्टेनेबल एनर्जी – विदाउट द हॉट एअर' (२००८) इंटरनेटवर मोफत आहे. प्रत्येक गोष्ट 'माणशी दिवसाला किती युनिट' या एकाच मापात आणायची, ही त्याची पद्धत सोन्यासारखी आहे. आकडे ब्रिटनचे आहेत आणि सौर पॅनेलच्या किमती त्यानंतर प्रचंड उतरल्या, तेव्हा किमतींवरचे निष्कर्ष सोडून द्या. सोलापूरच्या उन्हात १ किलोवॉटचे छतावरचे पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देते असे धरून त्याच पद्धतीने आपल्या घराचे गणित मांडा. हवामानावरच्या आंतरशासकीय मंडळाचा (आयपीसीसी) २०२३ चा संश्लेषण अहवाल लगेच हाती घेऊ नका. घेतलात तर धोरणकर्त्यांसाठीचा सारांशच, आणि त्यातही आधी आलेख.

पॉडकास्टची एक अडचण आहे: गाडीवर किंवा स्वयंपाक करताना ऐकलेला आकडा टिकत नाही. आठवड्याला एकच भाग ठेवा. आधी त्याचे वर्णन वाचा, ऐकून झाल्यावर दहा मिनिटांत तीन ओळी वहीत लिहा. तीन ओळी सुचल्या नाहीत, तर तो भाग पुन्हा ऐका किंवा कायमचा सोडा. इंग्रजीत ऊर्जेसाठी 'द इंडिया एनर्जी अवर' आणि हवामानासाठी 'सुनो इंडिया'ची 'क्लायमेट इमर्जन्सी' ही मालिका भारतीय संदर्भांमुळे उपयोगी आहे. वेग कमी वाटत असेल तर लिखित संहिता मिळते का पाहा, आणि आधी वाचून मग ऐका. मराठीत 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'चे लेख आणि लघुपट मोफत आहेत, पानी फाउंडेशनच्या प्रशिक्षण चित्रफितींत समपातळी चर आणि बांधबंदिस्तीची मापे दाखवून सांगितली आहेत, आणि अभिजित घोरपडे यांचे 'भवताल' हे नियतकालिक नियमित वाचण्यासारखे आहे. केवळ मुलाखती ऐकत राहिलात, तर मते जमतील आणि समज तिथेच राहील. पुस्तक एक आणि पॉडकास्टचे भाग चार, हे महिन्याचे प्रमाण मोडू नका.

पुस्तके सगळी विकत घ्यायची गरज नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात आधी शोधा, नसेल तर मागणी नोंदवा. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, संज्ञा अडली की आधी तिथे बघा. शक्य असेल तर चार ते सहा जणांचा गट करा, पंधरवड्यातून दीड तास. प्रत्येकाने एक आकडा आणि एक प्रश्न आणायचा. गटात एक तरी शेतकरी आणि एक यंत्रमाग किंवा डाइंगमध्ये काम करणारा असावा. नुसत्या शिक्षक-इंजिनिअरांचा गट तिसऱ्या बैठकीपासून एकमेकांशी सहमत होऊ लागतो.

सहा महिने झाले की स्थानिक कागदपत्रांकडे वळा. महापालिकेचा पर्यावरण स्थिती अहवाल, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवेचे आकडे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत सोलापूर आहे. पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, भारतीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५. अहवालात 'समाधानकारक' असे लिहिलेले दिसले, की कोणत्या मर्यादेच्या तुलनेत हे पाहा. जे छापलेले सापडत नाही, त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'सोलापूरच्या पाण्याबद्दल माहिती द्यावी' असा अर्ज केलात, तर मोघम उत्तर येईल. 'अमुक महिन्यात उजनी, टाकळी आणि हिप्परगा या तीन स्रोतांतून दररोज उचललेले पाणी, दशलक्ष लिटरमध्ये, नोंदवहीच्या छायाप्रतीसह' असे लिहिलेत, तर तारखेवार तक्ता मागता येतो. तो आला की वहीच्या पहिल्या महिन्यातल्या पानावरचा १२.८ कोटी लिटरचा आकडा काढा आणि शेजारी मांडा.